ऊन भरपूर आहे, पण झाड कोणते?

बागेत दिवसभर ऊन येत असेल तर तेथे कोणतेही फळझाड भरघोस फळेल, असे अनेकांना वाटते. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. बहुतेक फळझाडांना रोज किमान ६ आणि शक्यतो ८ तास थेट ऊन लागते, कारण फळात उतरणारी साखर पानांतच तयार होते. एक सफरचंद नीट पोसायचे तर साधारण ३० ते ४० पाने राबावी लागतात. सावलीतले झाड हिरवेगार दिसते खरे, परंतु त्यावर फुलांच्या कळ्या कमी धरतात. ही अडचण उन्हाने दूर होते. मात्र निवड खरोखर ठरते ती हिवाळ्यावरून, आणि नेमके तेच रोप घेताना विसरले जाते.

सफरचंद, पीच, चेरी ही पानझडी झाडे हिवाळ्यात सुप्तावस्थेत जातात आणि पुरेशी थंडी भोगल्याशिवाय त्यातून नीट बाहेर येत नाहीत. ही थंडी तासांत मोजतात: तापमान साधारण ० ते ७ अंश सेल्सिअसदरम्यान असलेला प्रत्येक तास हिशेबात धरला जातो. सफरचंदाच्या अनेक जुन्या जातींना असे ८०० ते १००० तास लागतात, तर इस्रायलमध्ये विकसित झालेल्या ‘अ‍ॅना’ या जातीला सुमारे ३०० तासही पुरतात. थंडी कमी पडली की कळ्या उशिरा आणि मागेपुढे उमलतात, पालवी विरळ राहते आणि फळधारणा जेमतेम होते. मग वर कितीही लख्ख ऊन असो. उलट, कमी थंडीची जात कडक हिवाळ्याच्या प्रदेशात लावली, तर ती हिवाळा सरण्याआधीच फुलते आणि उशिरा येणारे हिमतुषार तिचा सारा बहर जाळून टाकतात. अंजीर व डाळिंब यांचे थोड्या थंडीत भागते. लिंबू, आंबा, पेरू यांना सुप्तावस्थेसाठी थंडी लागत नाही, परंतु गोठवणारी रात्र सोसत नाही.

जागा एकाच झाडापुरती असेल, तर ते स्वतःच्या परागाने फळते का, हे आधी विचारावे. डाळिंब एकटे फळते आणि घरगुती बागेतल्या अंजिराच्या बहुतेक जातींना परागीभवनाचीही गरज नसते. सफरचंदाला मात्र त्याच सुमारास फुलणारी दुसरी जात जवळपास असावी लागते. बियांपासून वाढवलेले झाड फळावर यायला बरीच वर्षे घेते, शिवाय मूळ झाडासारखे फळ देईलच असे नाही. म्हणून कलमच घ्यावे. त्याची उंची बऱ्याच अंशी खालच्या खुंटावर, म्हणजे ज्या मुळांच्या रोपावर कलम बांधलेले असते त्यावर, ठरते. ‘एम ९’ या बुटक्या खुंटावरचे सफरचंद साधारण अडीच-तीन मीटरवर थांबते, पण त्याची मुळे कमकुवत असल्याने त्याला कायमचा आधार द्यावा लागतो.

अतिउन्हाचाही विचार हवा. सफरचंदाच्या सालीचे तापमान ४६ अंशांच्या पुढे गेले की उन्हाकडच्या बाजूला पिवळट-तपकिरी डाग पडू लागतात, आणि साल हवेपेक्षा १० अंशांहूनही अधिक तापू शकते. कोवळ्या बुंध्याची सालही अशीच भाजते; तिला चुन्याचा पातळ हात दिला की ऊन परावर्तित होते. पश्चिमेकडे तोंड असलेली भिंत दुपारभर तापते आणि रात्री ती उष्णता सोडत राहते. थंड हवामानात अशा भिंतीलगत अंजीर चांगले पिकते. उष्ण हवामानात मात्र सफरचंद तिच्यापासून दूरच लावावे.