ट्रक कंपनी बुडाली म्हणून दुकानं रिकामी पडत नाहीत

‘मोठी ट्रक कंपनी बंद पडली की आठवड्याभरात दुकानांत माल मिळणार नाही,’ हे वर्षानुवर्षं पसरवलं जातं. ते खरं नाही.

अमेरिकेतली यलो कंपनी पाहा. पार्ट लोड, म्हणजे अनेक व्यापाऱ्यांचा थोडाथोडा माल एकाच ट्रकमधून नेणारी ही तिथली एक बडी कंपनी. जुलै २०२३ च्या अखेरीस तिने काम थांबवलं आणि ऑगस्टमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तरी टंचाई आली नाही. तिच्या कामगारांच्या संपाची चिन्हं दिसताच ग्राहकांनी आधीच माल दुसरीकडे वळवला होता; फेडेक्स फ्रेट, एक्सपीओ, साया या प्रतिस्पर्धी ट्रक कंपन्यांकडे तो सामावला गेला. भाडं मात्र वाढलं. पुढे तिची टर्मिनल्स लिलावात प्रतिस्पर्ध्यांनीच घेतली.

खरा फटका बसला तो सुमारे ३०,००० कामगारांना, आणि त्यांच्याबद्दल कुणी घाबरवणारे मेसेज फिरवत नाही, याचा मला राग येतो. २००९ पासून त्यांनी पगारात आणि पेन्शनमध्ये सवलती देऊन कंपनी तगवली होती. कंपनीने घेतलेलं सरकारचं ७० कोटी डॉलरचं कर्ज पूर्ण फिटलं. कामगारांना मात्र थकीत रकमांसाठी दिवाळखोरी न्यायालयात दावे लावावे लागले.

भारतात तर बहुतांश ट्रक छोट्या मालकांचे आहेत, त्यामुळे एका कंपनीवर सगळा माल अडण्याची शक्यता आणखी कमी.