उकिडवं बसणारं लेकरू

कापूस वेचायला निघालेल्या आईमागे चार वर्षांचं लेकरू. धुऱ्यावरून दहा पावलं चालतं आणि उकिडवं बसतं. ओठ जांभळे, नखं निळसर. दम खातं, उठतं, पुन्हा दहा पावलं. घरात कुणी म्हणतं सवय आहे, कुणी म्हणतं बाहेरचं काहीतरी लागलं. मेळघाटात तर आजारी बाळाच्या पोटावर तापल्या विळ्याचे चटके दिल्याच्या बातम्या आजही येतात.

खरं तर हे बसणं हा लेकराने स्वतःच शोधलेला उपाय. गुडघे पोटाशी घेतले की पायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दबतात, तिकडचा रक्ताला होणारा विरोध वाढतो आणि एरवी फुप्फुसांकडे कमी जाणारं रक्त तिकडे जरा जास्त वळतं. मार्सेयच्या एत्येन-लुई फॅलो यांनी १८८८ मध्ये या दुखण्यातले हृदयाचे चार दोष एकत्र मांडले. दुखण्याला फॅलो यांचं नाव मिळालं, इलाज मिळायला अर्धं शतक गेलं.

१९३८ मध्ये बॉस्टनला रॉबर्ट ग्रॉस यांनी सात वर्षांच्या मुलीची जन्मानंतरही उघडी राहिलेली रक्तनलिका बांधली. हृदयाला हात न लावता. निळ्या मुलांसाठी वाट दाखवली ती बाल्टिमोरच्या हेलन टाउसिग यांनी. त्यांना ऐकू कमी येई, म्हणून त्या मुलांच्या छातीवर बोटं ठेवून ठोके ओळखत. हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसाच्या धमनीला जोडायची, ही शस्त्रक्रिया प्रयोगशाळेत कुत्र्यांवर बसवली विवियन थॉमस या कृष्णवर्णीय तंत्रज्ञाने. वैद्यकाची पदवी नसलेला हा माणूस २९ नोव्हेंबर १९४४ रोजी सर्जन आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्या मागे स्टुलावर उभा राहून टाके कसे घ्यायचे ते सांगत होता. श्रेय त्याच्या वाट्याला फार उशिरा आलं.

ही डागडुजी होती. हृदयातलं भोक बुजवायचं तर हृदय थांबवायला हवं. जॉन गिबन यांनी १९५३ मध्ये यंत्रावर रक्त फिरवून ते साधलं. पण १९५४ मध्ये मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय यांनी यंत्राशिवाय चालवलं: मुलाच्या रक्तवाहिन्या मोठ्या माणसाला, बहुतेकदा आई किंवा वडिलांना, जोडायच्या आणि त्यांच्या हृदयावर मुलाला जगवायचं. अशा ४५ शस्त्रक्रियांतली २८ मुलं घरी गेली. पहिल्या मुलासाठी शेजारच्या टेबलावर बाप झोपला होता. ते मूल अकरा दिवसांनी न्यूमोनियाने गेलं.

मुंबईत केईएम रुग्णालयात १९६८ साली डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयच बदलून पाहिलं. त्या वेळी मेळघाटातल्या धारणी किंवा गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या बाळाच्या छातीला स्टेथोस्कोप लागेल याचीही खात्री नव्हती.

खेड्यापुरता फरक पडला तो २०१२-१३ नंतर. राजीव गांधी जीवनदायी योजनेच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत गडचिरोली आणि अमरावती होते. पिवळ्या-केशरी रेशनकार्डावर शस्त्रक्रियेचा खर्च निघू लागला. पुढे तीच महात्मा फुले योजना झाली. २०१३ मध्ये पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम निघाला: डॉक्टरांची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. उकिडवं बसणारं लेकरू आता सेविकाच पुढे करते. गोंदियाकडचे आईबाप रेल्वेने रायपूरही गाठतात. तिथल्या सत्य साई संजीवनी रुग्णालयात बिलाचा काउंटरच नाही.

अडतं ते दुर्मिळ दोषांपाशी. काही बाळांच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांची जागाच अदलाबदल झालेली असते. ब्राझीलच्या अदिब जातेने यांनी १९७५ मध्ये या धमन्या जागेवर आणून दाखवल्या. मात्र हे काम शक्यतो पहिल्या दोन-तीन आठवड्यांत व्हावं लागतं. नंतर डावा कप्पा ताकद गमावतो. तोवर रक्तनलिका उघडी ठेवणाऱ्या औषधाची ड्रिप लावून बाळ मोठ्या दवाखान्यात न्यायचं. अंगणवाडीची फेरी सहा महिन्यांनी येते. बाळ जुलैत गडचिरोलीतल्या भामरागडला जन्मलं आणि पर्लकोटा नदीला पूर असला, तर नागपूरची वाट नदीच्या अलीकडेच अडते.