गिफ्ट एड : प्रवेशशुल्कावरील देणगी-करसवलत

धर्मादाय संस्थेने जतन केलेली वास्तू, उद्यान, प्राणी किंवा कलासंग्रह पाहण्यासाठी अभ्यागताने भरलेली रक्कम विशिष्ट अटींवर देणगी मानून तिच्यावरील आयकराचा परतावा त्या संस्थेला मिळवून देणारी ब्रिटनमधील व्यवस्था. व्यक्तींनी दिलेल्या देणग्यांसाठी 1990 पासून चालू असलेल्या ‘गिफ्ट एड’ योजनेचा ती एक भाग आहे. शुल्काच्या मोबदल्यात प्रवेश मिळतो, तर देणगीच्या मोबदल्यात देणाऱ्याला काही मिळू नये, असा करकायद्याचा जुना दंडक आहे. या दोहोंचा मेळ घालताना कायद्याने जी वळणे घेतली, त्यांवरून या सवलतीचे स्वरूप उमगते.

देणगीदाराने आपल्या उत्पन्नावर मूळ दराने आयकर भरलेला आहे, असे धरून संस्था त्या कराची मागणी महसूल व सीमाशुल्क खात्याकडे करते. मूळ दर 20 टक्के असल्यामुळे देणगीच्या प्रत्येक पौंडामागे तिला 25 पेन्स मिळतात, कारण 1 पौंड ही कर वजा जाता उरलेली रक्कम मानली जाते आणि करपूर्व 1.25 पौंडांचे 20 टक्के म्हणजे 25 पेन्स. समजा, एखाद्या जुन्या गढीचे तिकीट 20 पौंड आहे आणि अभ्यागताने स्वेच्छेने 22 पौंड भरले, तर केवळ वरचे 2 पौंड नव्हे, तर पूर्ण 22 पौंड देणगी ठरतात, त्यांवर 5.50 पौंड परतावा मिळून संस्थेच्या पदरी एकूण 27.50 पौंड पडतात. अभ्यागताच्या 2 पौंडांमुळे संस्थेचे उत्पन्न 7.50 पौंडांनी वाढते. अभ्यागत 40 टक्के दराने कर भरणारा असेल, तर दोन दरांतील फरक त्याला स्वतःसाठी मागता येतो. येथे तो 27.50 पौंडांच्या 20 टक्के, म्हणजे 5.50 पौंड होतो आणि त्याचा निव्वळ खर्च 16.50 पौंडांवर, अर्थात साध्या तिकिटाच्याही खाली येतो. ही बाब तिकीटखिडकीवर क्वचितच कोणाच्या लक्षात येते. एप्रिल 2008 मध्ये मूळ दर 22 वरून 20 टक्क्यांवर आला, तेव्हा संस्थांचे नुकसान होऊ नये म्हणून एप्रिल 2011 पर्यंत शासनाने फरकाची रक्कम पूरक अनुदानाच्या रूपाने भरून दिली.

या सवलतीचा उगम नेमका कोठे धरावा, याबाबत दोन मते संभवतात. 2000 सालच्या वित्त अधिनियमाने गिफ्ट एडसाठीची किमान रकमेची अट काढून टाकली. ही अट 1990 मध्ये 600 पौंडांची होती. ती 1992 मध्ये 400 आणि 1993 मध्ये 250 पौंडांवर आली होती. ती असेपर्यंत एका दिवसाचे प्रवेशशुल्क गिफ्ट एडच्या कक्षेत येण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून 2000 हेच उगमवर्ष मानणे वरकरणी सोयीचे वाटते. परंतु ‘प्रवेशाचा लाभ हिशेबात धरू नये’ हे मूळ तत्त्व त्याहून जुने आहे.

गिफ्ट एडपूर्वी करसवलतीची देणगी प्रामुख्याने ‘डीड ऑफ कव्हेनंट’ या वार्षिक वचनपत्राद्वारे दिली जाई. 1922 च्या वित्त अधिनियमानंतर अशा वचनपत्राची मुदत सहा वर्षांहून अधिक असणे आवश्यक ठरल्याने सात वर्षांची वचनपत्रे रूढ झाली. 1980 मध्ये मुदतीची अट तीन वर्षांहून अधिक अशी शिथिल झाल्यावर ती चार वर्षांची होऊ लागली. वचनपत्राने मिळणारी रक्कम घेणाऱ्या संस्थेच्या दृष्टीने निर्भेळ उत्पन्न असली पाहिजे, म्हणजे तिच्यापोटी संस्थेने काही देऊ नये, हा न्यायालयांचा आग्रह होता. नॅशनल बुक लीग या संस्थेच्या सभासदांनी वचनपत्रांद्वारे वर्गणी भरून संस्थेच्या सुखसोयींचा लाभ घेतला, तेव्हा 1957 मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने ती वर्गणी निर्भेळ देणगी नसल्याचा निर्णय दिला. सभासदांना विनामूल्य प्रवेश देणाऱ्या वारसा-जतन संस्थांपुढे या निर्णयाने मोठाच पेच उभा राहिला. तो 1989 च्या वित्त अधिनियमाने सोडवला : वास्तूंचे जतन किंवा वन्यजीवांचे संरक्षण हे ज्यांचे मुख्य कार्य आहे, अशा संस्थांच्या वचनपत्री वर्गणीच्या बाबतीत, जतन केलेली मालमत्ता पाहण्याची मुभा हा मोबदला मानू नये, असे त्यात ठरले. 2000 च्या तरतुदीत हीच कल्पना गिफ्ट एडला लागू झाली. त्यामुळे तत्त्वाचा उगम 1989 मध्ये आणि दैनिक तिकिटापर्यंतचा त्याचा विस्तार 2000 मध्ये मानणे अधिक सयुक्तिक होय.

सभासदत्वाची वार्षिक वर्गणी आणि एका दुपारचे तिकीट यांतील अंतर मात्र 2000 च्या शब्दरचनेने पुसून टाकले. पात्र संस्थेच्या दाराशी भरलेले नेहमीचे शुल्कदेखील, एक पेनीही जादा न देता, देणगी म्हणून दाखवता येऊ लागले. 2005 च्या वित्त अधिनियमाने यावर उपाय केला. 6 एप्रिल 2006 पासून लागू झालेल्या या नियमांनी सवलतीची कक्षा एकीकडे रुंदावली, तर दुसरीकडे तिच्यावर बंधन घातले. वारसा व वन्यजीव संस्थांपुरती मर्यादा जाऊन, धर्मादाय कार्यासाठी जतन केलेली वा निर्माण केलेली मालमत्ता लोकांना पाहू देणारी कोणतीही धर्मादाय संस्था पात्र ठरली. मालमत्तेत इमारती, जमीन, वनस्पती, प्राणी, कलाकृती, पुरावस्तू आणि शास्त्रीय वस्तू येतात. नाटक, संगीत यांचे प्रयोग येत नाहीत.

बंधन दोन पर्यायांच्या रूपाने आले. पहिल्या पर्यायात अभ्यागताने त्याच प्रवेशासाठीच्या सार्वजनिक दरापेक्षा किमान 10 टक्के अधिक रक्कम दिली पाहिजे. दुसऱ्या पर्यायात जादा काही देण्याची गरज नाही. मात्र मिळणारा प्रवेशहक्क किमान 12 महिन्यांचा असावा लागतो आणि स्थळ लोकांना खुले असेल तेव्हा तो वापरता आला पाहिजे. वर्षातून पाच दिवसांपर्यंत अपवाद ठेवण्याची मुभा संस्थेला आहे. दोन्ही पर्यायांत प्रवेशहक्क देणगीदार व त्याचे कुटुंबीय यांच्यापुरताच असतो. मित्रमंडळींची किंवा शाळेच्या सहलीची तिकिटे एकाने काढून ती आपली देणगी म्हणून दाखवता येत नाहीत. हे नियम पुढे 2007 च्या आयकर अधिनियमात समाविष्ट झाले.

ऐतिहासिक वास्तू व निसर्गस्थळे जतन करणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या धर्मादाय संस्थेच्या स्थळांच्या दरपत्रकात गिफ्ट एडसह आणि गिफ्ट एडविना असे दोन दर शेजारी-शेजारी दिलेले असतात, ते पहिल्या पर्यायामुळे. ब्रिस्टल येथील ‘एसएस ग्रेट ब्रिटन’ या जहाज-संग्रहालयाच्या तिकिटावर वर्षभर पुन्हा येता येते, ते दुसऱ्या पर्यायाला अनुरूप आहे. पहिल्या पर्यायात साधा दर ठळकपणे दाखवलेला असणे आणि जादा रक्कम ऐच्छिक असल्याचे अभ्यागताला कळणे हा व्यवस्थेचा कणा आहे. नुसते ‘गिफ्ट एड करायचे का?’ असे घाईत विचारून वरचा दर आकारला गेला, तर देणगीतील स्वेच्छा नावापुरतीच उरते.

अभ्यागताने आपले नाव, घरचा पत्ता आणि आपण ब्रिटनमधील करदाते असल्याचे निवेदन द्यावे लागते. त्या वर्षी त्याने भरलेला कर परताव्यापेक्षा कमी असल्यास फरक भरण्याची जबाबदारी त्याचीच असते. ही गोष्ट घोषणापत्रात लिहिलेली असते, तरी निवृत्त व अल्प उत्पन्न असलेल्या अभ्यागतांनी ती मुद्दाम वाचावी. ब्रिटनमधील मुलांकडे काही महिन्यांसाठी आलेल्या आणि तेथे करपात्र उत्पन्न नसलेल्या महाराष्ट्रातील आईवडिलांना हे घोषणापत्र स्वतः भरता येत नाही. त्यांच्यासाठी साधे तिकीटच योग्य. स्कॉटलंडमध्ये आयकराचे दर वेगळे असले, तरी संस्थेला मिळणारा परतावा 20 टक्के दरानेच मोजला जातो.

मूल्यवर्धित कराचा प्रश्न वेगळा आहे. धर्मादाय संग्रहालये व प्राणिसंग्रहालये यांच्या प्रवेशावर सांस्कृतिक सेवा म्हणून सूट मिळू शकते. तिच्या अटींसंबंधी लंडन झूऑलॉजिकल सोसायटीचा वाद युरोपीय न्यायालयात जाऊन 2002 मध्ये निकाली निघाला. ब्रिटिश म्युझियमसारख्या, कायमस्वरूपी दालनांना प्रवेशशुल्क नसलेल्या राष्ट्रीय संग्रहालयांत गिफ्ट एड तिकिटाऐवजी थेट देणगीवर लागू होते.

भारतात आयकर कायद्याखाली देणग्यांवर मिळणारी वजावट (1961 च्या अधिनियमात, म्हणजे मार्च 2026 अखेरपर्यंत, कलम 80 जी) याच्याशी जुळत नाही. तेथे लाभ संस्थेला परतावा म्हणून न मिळता देणाऱ्याच्या करपात्र उत्पन्नातून वजावट म्हणून मिळतो, आणि प्रवेशाच्या मोबदल्यात दिलेले शुल्क देणगीत धरले जात नाही.