सकाळी दुखणारं पोट आणि शाळेला करायचा फोन
(शाळा टाळणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी माहितीपत्रक)

रविवारी संध्याकाळी मुलाचा चेहरा उतरतो. सोमवारी उठल्यापासून पोटात कळ, मळमळ, डोकं जड. ‘बरं, आजचा दिवस राहू दे’ म्हटलं की तासाभरात स्वारी खेळायला लागते. मग घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘बघा, नाटक होतं!’

बहुतेक वेळा नाटक नसतं. भीतीनं पोट खरंच दुखतं आणि भीती टळली की खरंच थांबतं. तरी पहिली फेरी डॉक्टरांकडेच मारा. शारीरिक कारण नाही हे एकदा नक्की झालं, की रोज सकाळी त्यावर वाद घालावा लागत नाही.

दांडी मारणं वेगळं. दांडीबहाद्दर घरच्यांपासून लपवून बाहेर भटकतो. शाळा टाळणारं मूल तुमच्या डोळ्यांदेखत घरात थांबतं, आणि अनेकदा त्याला अभ्यासाची काळजीही असते. 1941 साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅडलेड जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला ‘शाळेचा फोबिया’ म्हटलं होतं. तो शब्द आता मागे पडलाय, कारण प्रत्येक वेळी मुळाशी भीतीच असते असं नाही. ख्रिस्तोफर कर्नी आणि वेंडी सिल्व्हरमन या मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये मांडलेली चौकट आम्ही रोज वापरतो. घरी राहून मुलाला काय मिळतं, एवढंच ती विचारते. शाळेतल्या नकोशा भावनेपासून सुटका? चारचौघांत बोलणं किंवा परीक्षा टळणं? आईबाबांचा सहवास? की घरचा मोबाईल आणि अंथरूण? यातली दोन-तीन उत्तरं एकदम खरी असू शकतात.

उत्तर कोणतंही असो, घरी राहिलेला प्रत्येक दिवस मुलाला सुटल्यासारखा वाटतो, आणि त्या सुटकेमुळेच दुसऱ्या दिवशीचं पाऊल जड होतं. वह्या अपुऱ्या राहतात, मैत्रिणींच्या गप्पा पुढे गेलेल्या असतात. म्हणून ‘आपोआप सुरळीत होईल’ म्हणून महिनाभर वाट पाहू नका. पहिल्या आठवड्यातच शाळेला फोन करा.

इथेच गाडी अडते. पालकांना वाटतं, वर्गात काहीतरी झालंय आणि शाळा लपवतेय. शिक्षकांना वाटतं, घरी लाड होतायत. दोघांकडे अर्धंच चित्र असतं. दुसऱ्या तासानंतर मूल छान हसतं-खेळतं, हे घरी माहीत नसतं. रात्री दीड वाजेपर्यंत ते जागं होतं, हे वर्गशिक्षिकांना माहीत नसतं. भेटीची सुरुवात ‘तुमच्या शाळेत काय झालं?’ अशी केलीत, तर तिथून पुढे फक्त सारवासारव ऐकायला मिळते. ‘आम्हाला सकाळी हे दिसतं, तुम्हाला दिवसभरात काय दिसतं?’ असं विचारून पाहा.

मुलालाही ‘का जात नाहीस?’ विचारू नका. त्याचं उत्तर बहुधा त्याच्याकडेही नसतं. वेळापत्रक समोर ठेवा आणि प्रत्येक तासाला, मधल्या सुट्टीला, शाळेच्या गाडीलासुद्धा शून्य ते दहा आकडा द्यायला सांगा. समजा गणिताला तीन आणि मधल्या सुट्टीला नऊ आले, तर शिकवणी लावून काय उपयोग? कधी कारण स्वच्छतागृहाच्या न लागणाऱ्या कडीएवढं साधं निघतं. ते शाळा एका दुपारीत दुरुस्त करू शकते, पण कुणी सांगितलं तर!

आकडे घातलेलं हे वेळापत्रक घेऊनच शाळेत जा आणि काही गोष्टी ठरवून, शक्यतो लिहून घ्या. शाळेतली एकच व्यक्ती तुमच्याशी बोलेल; रोज नव्या माणसाला कहाणी सांगायची नाही. फाटकावर मुलाला घ्यायला तीच किंवा मुलाच्या ओळखीचं कुणी उभं असेल, आणि तुम्ही निरोप घेऊन लगेच निघाल. (हा निरोप मुलापेक्षा पालकांनाच जड जातो, असा आमचा अनुभव आहे.) सुरुवात शेवटच्या दोन तासांनीही करता येते. मूल सगळ्यांबरोबर घरी परततं, आणि दर दोन-चार दिवसांनी एक तास अलीकडे सरकायचं. बुडलेल्या वह्यांपैकी काय पूर्ण करायचं आणि काय सोडून द्यायचं, हे शिक्षकांनी आधीच सांगावं. वर्गात पोट दुखलं तर दहा मिनिटं शांत जागी बसून पुन्हा वर्गात. ताप किंवा उलटी असेल तरच घरी फोन.

मूल घरी राहिलंच, तर शाळेच्या वेळेत टीव्ही-मोबाईल बंद. शिक्षा म्हणून नव्हे, घर शाळेपेक्षा रंगतदार होऊ नये म्हणून.

या सगळ्याला एक अपवाद आहे. मुलाला कुणी छळत, मारत किंवा धमकावत असेल, तर आधी ते थांबलं पाहिजे. तोवर ‘हिंमत धर’ म्हणून ढकलू नका. आणि मूल जीव नकोसा झाल्याचं बोललं, तर हे पत्रक बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

मोठ्या सुट्टीनंतर गाडी पुन्हा रुळावरून घसरू शकते. शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात त्याच व्यक्तीला फोन करून फाटकावरची भेट पुन्हा ठरवा.

आमच्याकडे पहिल्यांदा येताना आकडे घातलेलं वेळापत्रक, गेल्या दोन महिन्यांची हजेरी आणि डॉक्टरांचे कागद आणा. शिक्षकांशी आम्ही बोलावं अशी इच्छा असेल, तर तसं लेखी द्या. त्याशिवाय आम्ही शाळेला फोन करत नाही. मुलाला यायचं नसेल, तर पहिल्या वेळी तुम्ही दोघंच आलात तरी चालेल.