आयरा, सेसार

(२३ फेब्रुवारी १९४९ – ). स्पॅनिशमध्ये लिहिणारे अर्जेंटिनाचे कादंबरीकार, निबंधकार व अनुवादक. त्यांच्या नावावर शंभराहून अधिक पुस्तके आहेत. मात्र त्यांतली बहुतेक शंभर पानांच्या आसपास संपतात. एखादे पुस्तक निवडून तेच त्यांचे शिखर मानावे, तर बाकीच्यांचा हिशेब लागत नाही. सुटी पुस्तके नव्हेत, तर न थांबता चाललेले लेखन हीच त्यांची खरी निर्मिती मानावी लागते.

जन्म ब्वेनस आयर्स प्रांताच्या दक्षिणेकडील कोरोनेल प्रिंग्लेस या गावी. चहूबाजूंना पाम्पाचे सपाट माळरान असलेले हे गाव त्यांच्या कथांत वारंवार येते. कधी बालपणीच्या आठवणींतून, तर ‘ला सेना’सारख्या (रात्रीचे जेवण, २००६) कादंबरीत थडग्यांतून उठून गावावर चालून येणाऱ्या मृतांमुळे. कवी आर्तुरो कार्रेरा हे याच गावचे त्यांचे मित्र. दोघांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस ‘एल सिएलो’ (आकाश) हे छोटे नियतकालिक चालवले. १९६७मध्ये आयरा राजधानीत आले आणि फ्लोरेस या मध्यमवर्गीय वस्तीत स्थिरावले. पोटापाण्यासाठी त्यांनी अनेक वर्षे खपाऊ कादंबऱ्यांचे अनुवाद केले. कवयित्री लिलियाना पोन्से या त्यांच्या पत्नी.

पहिली कादंबरी ‘मोरेइरा’ १९७५ची असली, तरी नाव झाले ते ‘एमा, ला काउतिवा’मुळे (बंदिवान एमा, १९८१). मूळ रहिवाशांनी पळवून नेलेली गोरी स्त्री हा अर्जेंटिनी साहित्यातला एकोणिसाव्या शतकापासूनचा ठरलेला विषय. आयरांची एमा मात्र रडत-कुढत बसत नाही. सरहद्दीवरच्या त्या जगात ती रुळते आणि शेवटी तित्तिरवर्गीय फेझंट पक्ष्यांच्या पैदाशीचा धंदा उभारते. राष्ट्रीय पुराणकथेची अशी थट्टा पुढे ‘ला लिएब्रे’मध्येही (ससा, १९९१) आढळते.

त्यांच्या लेखनपद्धतीविषयी पुष्कळ बोलले जाते. सकाळी फ्लोरेसमधल्या एखाद्या कॅफेत बसून ते हाताने साधारण एक पान लिहितात आणि मागे वळून कथानक दुरुस्त करीत नाहीत. आज कथा अडचणीत सापडली, तर ती खोडायची नाही. उद्याच्या पानात तिला पुढे न्यायची वाट काढायची. स्वतः आयरा याला ‘पुढच्या दिशेने पळणे’ म्हणतात. कॅफेत एखादा पक्षी शिरला, तर तो लिहीत असलेल्या मजकुरातही शिरतो, असे त्यांनी मुलाखतीत सांगितले आहे. याला भराभर खरडणे समजणे चूक ठरेल. दिवसाला एक पान हा वेग संथच म्हणायचा आणि त्यांचे प्रत्येक वाक्य स्वच्छ, जवळजवळ अभिजात वळणाचे असते. वेडेपणा असतो तो घटनांत. विसाव्या शतकातल्या मोठ्या कलावंतांनी कलाकृतींपेक्षा निर्मितीच्या रीती शोधल्या, हे त्यांचे आवडते प्रतिपादन. कलावंत मार्सेल द्युशाँ, लेखक रेमों रूसेल, संगीतकार जॉन केज ही त्यांची दैवते.

‘लोस फान्तास्मास’ (भुते, १९९०) ही कादंबरी वर्षाच्या अखेरच्या दिवशी फ्लोरेसमधल्या अर्धवट बांधलेल्या इमारतीत घडते. तिथे राहणाऱ्या चिली देशातल्या रखवालदाराच्या कुटुंबाला सिमेंटच्या धुळीने माखलेली नागडी भुते दिसतात आणि कुणाला त्याचे विशेष वाटत नाही. थोरल्या मुलीला भुते मध्यरात्रीच्या मेजवानीचे आमंत्रण देतात. अट एवढीच की जायचे तर मरावे लागेल. ‘कोमो मे इसे मोन्हा’मध्ये (मी नन कशी झाले, १९९३) नन कुठेच नाही. सहा वर्षांच्या निवेदकाचे नाव सेसार आयरा, पण तो स्वतःविषयी स्त्रीलिंगात बोलतो आणि सगळा अनर्थ स्ट्रॉबेरी आइस्क्रीमच्या एका विषारी घासाने सुरू होतो.

‘एल कोन्ग्रेसो दे लितेरातुरा’मध्ये (साहित्य संमेलन, १९९७) एक अनुवादक मेक्सिकन कादंबरीकार कार्लोस फुएन्तेस यांची प्रतिकृती जन्माला घालायला निघतो. पण पेशी येते ती फुएन्तेस यांच्या रेशमी टायमधली, आणि शहरावर अवाढव्य रेशीमकिडे चालून येतात. फुएन्तेस यांनीही परतफेड केली : २०२०मध्ये घडणाऱ्या आपल्या ‘ला सिया देल आगिला’ (२००३) या कादंबरीत त्यांनी आयरांना नोबेल देऊन टाकले.

‘उन एपिसोदियो एन ला विदा देल पिन्तोर विआहेरो’ (भटक्या चित्रकाराच्या आयुष्यातील एक प्रसंग, २०००) हे त्यांचे सर्वांत बांधेसूद पुस्तक. जर्मन चित्रकार योहान मोरित्स रुगेंडास (१८०२–१८५८) हा खरा ऐतिहासिक पुरुष. कादंबरीत अर्जेंटिनाच्या माळावर वीज कोसळते, रिकिबीत पाय अडकलेल्या चित्रकाराला घोडा फरफटत नेतो आणि त्याचा चेहरा विद्रूप होतो. तरीही काळ्या जाळीदार वस्त्राने तोंड झाकून तो मूळ रहिवाशांच्या धाडीची रेखाचित्रे काढत राहतो. येथे आयरांची तऱ्हेवाईक कल्पकता प्रथमच पूर्णपणे विषयाच्या कह्यात राहिली आहे.

इतरत्र तसे होतेच असे नाही. अनेक पुस्तकांचा शेवट घाईने उरकल्यासारखा वाटतो आणि काही केवळ चुटका म्हणून उरतात. ही उणीव पद्धतीतूनच आलेली आहे, हे खरे. पण म्हणून ती खटकायची थांबत नाही.

मोठ्या प्रकाशकांबरोबरच त्यांनी मुद्दाम छोट्या प्रकाशकांना पुस्तके दिली. रोसारियो शहरातील बेआत्रिस वितेर्बो हे त्यांपैकी एक. २००१च्या आर्थिक कोसळणीनंतर रस्त्यावर रद्दी-पुठ्ठा वेचणाऱ्यांची संख्या वाढली. त्यांच्याकडून पुठ्ठा विकत घेऊन त्यावर हाताने रंगवलेली मुखपृष्ठे करणाऱ्या एलोइसा कार्तोनेरा या संस्थेलाही त्यांनी लेखन दिले. ‘ला विया’ (झोपडपट्टी, २००१) या कादंबरीत हेच वेचक आणि त्यांचे ओझे वाहून देणारा एक व्यायामपटू तरुण आहे.

समीक्षक म्हणूनही त्यांचे काम भक्कम आहे. नाटककार कोपी आणि कवयित्री आलेहान्द्रा पिसार्निक यांच्यावरील पुस्तके व लॅटिन अमेरिकन लेखकांचा कोश (२००१) त्यांनी एकट्याने लिहिला. मित्र ओस्वाल्दो लाम्बोर्गिनी १९८५मध्ये वारल्यावर त्याचे विखुरलेले लेखन आयरांनी संपादित करून छापले नसते, तर तो लेखक फारसा कुणाला ठाऊक झाला नसता.

२०१५च्या मॅन बुकर आंतरराष्ट्रीय पुरस्काराच्या अंतिम यादीत अमिताव घोष यांच्यासोबत आयरांचे नाव होते. पुरस्कार हंगेरीच्या लास्लो क्रास्नाहोर्काई यांना मिळाला. २०२१मध्ये आयरांना फोर्मेन्तोर पुरस्कार मिळाला. इंग्रजीत क्रिस अँड्रूज व कॅथरीन सिल्व्हर यांचे अनुवाद उपलब्ध आहेत. त्यांतून वाचू पाहणाऱ्याने रुगेंडासवरच्या कादंबरीपासून सुरुवात करावी. आइस्क्रीमची गोष्ट आधी हाती घेतली, तर पुस्तक अर्ध्यावर मिटले जाण्याचा संभव अधिक.