अति-मुदतपूर्व जन्म व मेंदूचा विकास

गर्भारपणाचे ३२ आठवडे भरण्याआधी झालेला जन्म. २८ आठवड्यांच्याही आत असल्यास 'अत्यंत मुदतपूर्व'. इंदूरच्या मराठी घरांत अशा बाळाला सातमाशी म्हणतात, शेजारची हिंदी मंडळी सतमासा. सातव्या महिन्यातले जगते, आठव्यातले दगावते, ही जुनी समजूत साफ चुकीची आहे. पोटात काढलेला एकेक आठवडा मोलाचा, म्हणून डॉक्टर महिने नव्हे, आठवडे मोजतात.

चोविसाव्या आठवड्यात मेंदूचा पृष्ठभाग जवळजवळ गुळगुळीत असतो. वळ्या पुढच्या तीन-चार महिन्यांत पडतात. ३४ व्या आठवड्यातही मेंदूचे वजन पूर्ण दिवसांच्या मेंदूच्या सुमारे दोन-तृतीयांशच भरते. लवकर जन्मलेल्या बाळाची ही सारी घडण रुग्णालयातल्या काचेच्या पेटीत, यंत्रांच्या आवाजात आणि सुयांच्या टोचणीत होते. पहिल्या काही दिवसांत मेंदूतील पोकळ्यांलगतच्या नाजूक रक्तवाहिन्या फुटू शकतात. मज्जातंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशीही अजून कोवळ्या असतात. प्राणवायूची कमतरता किंवा जंतुसंसर्ग त्यांना सोसत नाही.

मोठी इजा झाली तर सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणारी अडचण, होऊ शकते. पाय ताठरतात, चालणे लांबते. ती लवकर लक्षात येते. बाकीचे बरेचसे मात्र शाळेत उघडे पडते: गणित अडते, हात सावकाश चालतो, लक्ष टिकत नाही. बुद्ध्यांक सरासरीने १० ते १२ गुणांनी कमी आढळतो. या मुलांत दंगामस्तीपेक्षा हरवलेपण जास्त, आणि गप्प बसणारे मूल बाईंच्या नजरेत भरत नाही. तरी सरासरी म्हणजे भाकीत नव्हे. ब्रिटन व आयर्लंडमध्ये १९९५ साली २६ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलांची सहाव्या वर्षी तपासणी झाली. सुमारे पाचांतल्या एकाला तीव्र अपंगत्व होते, तर एकाला कसलेच नव्हते.

प्रसूतीपूर्वी आईला दिलेली स्टिरॉइडची इंजेक्शने मेंदूतील रक्तस्रावाचा आणि मॅग्नेशियम सल्फेट सेरेब्रल पाल्सीचा धोका कमी करते. बाळाला छातीशी धरण्याची कांगारू पद्धत १९७०च्या दशकाअखेरीस कोलंबियातील बोगोटात सुरू झाली.

'अजून बसत नाही?' असे विचारणाऱ्या आत्या-मावश्यांसाठी एक हिशेब: दोन महिने आधी आलेले आठ महिन्यांचे बाळ विकासाच्या दृष्टीने सहा महिन्यांचे धरायचे. हे 'सुधारित वय' साधारण दोन वर्षांपर्यंत वापरतात. तपासण्या मात्र तिथे थांबवू नयेत. मुलांच्या तपासणीसाठी सरकारने २०१३ पासून चालवलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतची मुले येतात.