तक्रारदाराचा लैंगिक पूर्वेतिहास : कॅनडातील पुराव्याचा नियम

कॅनडातील लैंगिक हल्ल्याच्या खटल्यात तक्रारदाराच्या इतर वेळच्या लैंगिक संबंधांचा पुरावा केव्हा ग्राह्य धरायचा, याबाबतचा नियम. तो मुख्यतः तेथील फौजदारी संहितेच्या कलम २७६ मध्ये आहे. असा पुरावा कधीच आणता येत नाही, हा समज चुकीचा आहे. कायद्याने मज्जाव केला आहे तो दोन तर्कांना : तिचे पूर्वी संबंध होते, म्हणजे या वेळीही संमती असणार, आणि तिचे पूर्वी संबंध होते, म्हणजे तिच्या शब्दावर विश्वास ठेवता येत नाही. न्यायालये यांना ‘जुळी मिथके’ म्हणतात. तक्रारदार पुरुष असला तरी नियम तोच.

पूर्वी कॉमन लॉनुसार, म्हणजे न्यायालयांच्या निकालांतून घडत आलेल्या कायद्यानुसार, बचाव पक्षाच्या वकिलाला उलटतपासणीत तक्रारदार स्त्रीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवायला भरपूर मोकळीक होती. मात्र इतर पुरुषांशी संबंध असल्याचे तिने नाकारले, तर ते उत्तर अंतिम मानावे लागे. १९७६ मध्ये संसदेने अशा प्रश्नांपूर्वी लेखी सूचना आणि बंद दाराआड सुनावणी सक्तीची केली. हेतू संरक्षणाचा होता, घडले उलटेच. फोर्साइथ खटल्यात (१९८०) सर्वोच्च न्यायालयाने तरतुदीचा जो अर्थ लावला, त्याने आरोपीला त्या सुनावणीत खुद्द तक्रारदारालाच साक्षीला उभे करता येऊ लागले. १९८३ मध्ये संहितेतील ‘बलात्कार’ या गुन्ह्याची जागा ‘लैंगिक हल्ला’ या गुन्ह्याने घेतली आणि पूर्वेतिहासाच्या पुराव्यावर तीन अपवाद सोडून बंदी आली.

ही बंदी सीबॉयर खटल्यात (१९९१) कोसळली. तक्रारदाराच्या अंगावरील वळ दुसऱ्या कोणाशी आलेल्या संबंधातून उठले असू शकतात, हे आरोपीला विचारायचे होते. तिन्ही अपवादांत ते बसत नव्हते. न्या. बेव्हर्ली मॅक्लॅक्लिन यांच्या बहुमताच्या निकालाने (७ विरुद्ध २) कलम घटनाबाह्य ठरवले : निर्दोष माणसाचा खरा बचावही अशा बंदीखाली दडपला जाऊ शकतो. न्या. क्लेर लरू-दुबे यांचा भिन्न निकाल आजही वाचण्याजोगा आहे. न्यायाधीशही समाजातल्या पूर्वग्रहांतूनच ‘सुसंगत काय’ हे ठरवतात, मग ते त्यांच्या विवेकावर सोडून कसे चालेल, हा त्यांचा रोख होता, आणि पुढच्या तीस वर्षांतले खटले पाहता तो अनाठायी म्हणता येत नाही.

स्त्री-संघटनांच्या संतापानंतर न्यायमंत्री किम कॅम्पबेल यांनी १९९२ मध्ये नवे कलम आणले. त्यानुसार पुरावा ठरावीक प्रसंगांपुरता असावा, खटल्यातील मुद्द्याशी त्याचा संबंध असावा, आणि त्याचे मोल ठोस असावे. न्यायदानाला होणाऱ्या अपायाचे पारडे त्याहून फार जड नसावे. आरोपीने तपशीलवार लेखी अर्ज करायचा, ज्यूरीला आणि जनतेला बाहेर ठेवून सुनावणी व्हायची, आणि तीत तक्रारदाराला साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. डॅराक खटल्यात (२०००) हे कलम एकमताने टिकले. २०१८ च्या दुरुस्तीने लैंगिक हेतूने पाठवलेले संदेश व छायाचित्रेही त्याच्या कक्षेत आली, आणि सुनावणीत स्वतःचा वकील उभा करण्याचा तक्रारदाराचा हक्क कायद्यात नमूद झाला.

कस लागतो तो तपशिलात. गोल्डफिंच खटल्यात (२०१९) आरोपी आणि तक्रारदार यांचे एकेकाळचे नाते तुटले होते, तरी अधूनमधून शरीरसंबंध चालू होते. हे सांगितले नाही तर ज्यूरीला आमची नुसती मैत्री वाटेल, असे बचाव पक्षाचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले : ‘संदर्भ’ या नावाखाली पहिलेच मिथक मागल्या दाराने आत येत होते. त्याच वर्षीच्या आर. व्ही. (ही आरोपीच्या नावाची आद्याक्षरे) खटल्यात मात्र सरकारी पक्षाने तक्रारदाराची गर्भधारणा हाच हल्ल्याचा पुरावा म्हणून मांडला होता. मग ती दुसऱ्या कोणापासून राहिली असेल का, हे विचारण्याची मुभा आरोपीला हवीच, असे न्यायालयाने म्हटले.

नियम फक्त बचाव पक्षापुरता नाही. बार्टन खटल्यात (२०१९) एका मूळनिवासी स्त्रीच्या मृत्यूप्रकरणी तिचा पूर्वेतिहास आवश्यक अर्जाविनाच ज्यूरीपुढे आला, तो आधी सरकारी पक्षाच्याच मांडणीतून. २०२५ च्या किनामोर निकालाने सरकारी पक्षाच्या अशा पुराव्यालाही पूर्वपरवानगी लागते हे स्पष्ट केले, मग तो ‘तिचा कधी कोणाशी संबंध आलेलाच नव्हता’ एवढाच का असेना.